जुन्या धक्क्याच्या शिड्या

या, असे जवळ सरकून बसा. हीटर या बाजूला आहे, पाय इकडे करा. बाहेरचा पाऊस काही मार्चशिवाय हटायचा नाही; तोवर एक गोष्ट सांगते. देवादिकांची नाही. आपल्या सुवर्णाताईंची, त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या त्याची.

आपल्या या रेडमंडहून गाडीने दीड तास उत्तरेला गेलं की एक लहानसं मासेमारीचं बंदर लागतं. बंदराचं स्वतःचं मंडळ असतं, तीन कमिशनरांचं, आणि तेही गावाची मतं मागून निवडून येतात. ताई त्या मंडळाच्या क्लार्क. एकोणीस वर्षं कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून सभेत कोण काय बोललं ते लिहून घ्यायच्या. त्यांचं स्वतःचं नाव शेवटच्या ओळीत, सहीपुरतं.

कमिशनरांत सगळ्यात जुना रॉय टॉर्गरसन. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, उभा जन्म बोटीवर काढलेला. बोलताना तारीख किंवा आकडा अडला की तो मान कोपऱ्याकडे वळवायचा आणि ताई हळूच शब्द पुरवायच्या. त्यांना ते शिकवावं लागलं नव्हतं. त्यांचे वडील मोरेश्वरअप्पा पोस्टात नोकरीला, आणि संध्याकाळी कीर्तनात बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे. बुवांचा चरण अडला की अप्पा मागून असा अलगद उचलायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, बुवांनी मुद्दामच जागा सोडली होती.

सात वर्षांपूर्वी हिवाळ्यातल्या एका सकाळी एर्नेस्टो नावाचा जाळी दुरुस्त करणारा माणूस जुन्या धक्क्यावरून घसरून पाण्यात पडला. पोहणारा होता. पण वर चढायला शिडीच नव्हती. ताई कचेरीतून धावल्या, ओल्या फळ्यांवर पालथ्या पडल्या, गळ्यातला स्कार्फ खाली सोडला. स्कार्फ दोन हात आखूड पडला; एर्नेस्टो गेला.

त्यानंतर शिड्यांचा विषय अकरा वेळा सभेत आला आणि अकरा वेळा ताईंनी आपल्या हाताने लिहिलं, 'पुढील सभेत विचार व्हावा.' बाराव्या वेळी त्यांनी पेन खाली ठेवलं. नोकरी सोडली आणि रॉयच्याच जागेसाठी निवडणुकीचा अर्ज भरला.

"अगं, एकोणीस वर्षांत तू सभेत फक्त 'कॉफी संपलीय' एवढंच बोललीस," देवदत्त, त्यांचे यजमान, म्हणाले. "आता भाषण करणार?"

"दोन मिनिटांचं आहे. तेवढं जमेल."

"आणि हरलीस तर? नोकरीही गेली."

"तर तुम्हाला रोज गरम पोळी," ताई म्हणाल्या. शनिवारी देवदत्त हातोडी घेऊन प्रचाराचे बोर्ड ठोकायला गेले.

ऑक्टोबरात मतपत्रिका टपालाने घरोघर यायच्या आठवडाभर आधी गावच्या लायब्ररीत दोघा उमेदवारांची सभा ठेवली. आम्ही चार-पाच जणी रेडमंडहून गेलो होतो. ताईंची लेक इशिता पुढच्या रांगेत. ताई आणि रॉय एकाच टेबलाशी, एक माइक. सवयीने ताईंच्या हातात पेन.

लायब्रेरियनबाईंनी विचारलं, "जुना धक्का सुरक्षित कसा करणार? आधी मिस्टर टॉर्गरसन."

रॉय उभा राहिला. भरती-ओहोटीबद्दल बोलला, एकोणीसशे ब्याऐंशीच्या वादळाबद्दल बोलला, आणि थांबला. ओठ हलले, शब्द आला नाही. खोलीत कुणीतरी खोकलं. त्याचे जाडजूड हात टेबलाची कड चाचपू लागले, आणि त्याने मान वळवली. मंडळाच्या सभेत ताई जिथे बसायच्या, त्या बाजूला. आजही तिथे ताईच होत्या.

आता ताईंनी फक्त गप्प बसायचं होतं.

"शिड्या, रॉय," त्या पुटपुटल्या. "अकरा वेळा पुढे ढकलल्या. मेमध्ये तुम्ही म्हणाला होतात, पुढच्या बजेटमध्ये नक्की."

रॉयचे खांदे सरळ झाले. "शिड्या," तो माइकमध्ये म्हणाला. "अकरा वेळा पुढे ढकलल्या आम्ही. लाज वाटायला हवी. पुढच्या बजेटमध्ये नक्की. माझा शब्द." टाळ्या पडल्या. पाठीमागचे दोन कोळी उभे राहिले.

मग माइक ताईंकडे आला. बोलायला उरलं काय होतं? सात वर्षं जपलेलं सगळं त्यांनी आत्ताच देऊन टाकलं होतं.

"माझंही तेच म्हणणं आहे," ताई म्हणाल्या आणि बसल्या.

परतताना गाडीत इशिता उसळली. "आई, यू हॅड हिम. वन मिनिट. जस्ट वन मिनिट गप्प बसायचं होतं."

"अगं, त्याचा शब्द अडला होता."

"ही इज युवर ऑपोनंट!"

"हो ना," ताई म्हणाल्या. "पण वळून माझ्याकडेच बघितलं की त्याने."

नोव्हेंबरात त्या त्रेचाळीस मतांनी हरल्या.

जानेवारीतल्या पहिल्या सभेला ताई लोकांसाठी ठेवलेल्या खुर्च्यांत, तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. कोपऱ्यातल्या टेबलाशी नवी क्लार्क, लॅपटॉप घेऊन. बजेटची पानं उलटली गेली. रॉयने एक पान धरलं, सोडलं. कोपऱ्याकडे पाहिलं. नवी मुलगी त्याच्याकडे बघून नुसती गोड हसली.

"शिड्या, रॉय," तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

ठराव एकमताने पास झाला. सभेच्या मिनिट्समध्ये, म्हणजे इतिवृत्तात, लिहिलंय: ठराव मांडणारे, आर. टॉर्गरसन. खाली सही नव्या मुलीची.

मेमध्ये शिड्या लागल्या. ताईंनी मला दाखवायला नेलं. ओहोटी होती. एर्नेस्टो पडला त्याच जागी त्या फळ्यांवर ओणव्या झाल्या, गळ्यातला तोच राखाडी स्कार्फ काढला आणि शिडीच्या कडेने खाली सोडला. तो सहाव्या पायरीशी संपला. त्याखाली आणखी चार पायऱ्या होत्या. शेवटच्या दोन पाण्यात.

ताईंनी स्कार्फ वर ओढून घेतला, झटकला, गळ्यात घातला.

तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर जुन्या धक्क्यावर घटकाभर थांबा. पहिल्या पायरीवर हात ठेवा आणि एर्नेस्टोची आठवण काढा. ताईंनी तेवढंच सांगायला सांगितलंय. माझं नाव घेऊ नकोस म्हणाल्या होत्या. ते मात्र मला जमलं नाही.