चौथा उपग्रह आणि सुकीबायची खाट

"बाबा, यंत्र बिघडलंय, की तुम्हालाच वापरता येत नाही?"

बाबांना हे विचारून दाखव, अशी मैत्रीण सोनलने पैज लावली होती, म्हणून मुक्ताने हे विचारलं. सूर्यकांत साहेबांना चहाचा ठसका लागला.

"सुकीबायच्या आंब्याखाली तासभर हातात धरून बसलो! अजून काय करायचं?"

मित्रांनो, टेबलावर पडल्या पडल्या मी मनात मुक्ताला शाबासकी दिली!

मी एक जुना, हातात मावणारा जीपीएस रिसीव्हर आहे. आकाशातले उपग्रह स्वतःची जागा आणि वेळ सतत कळवत असतात. चौघांचं नीट ऐकू आलं, की मी आहे ती जागा आकड्यांत सांगतो. पण त्यांचा आवाज इतका बारीक, की दाट पानं, पत्रा, अगदी माणसाचं डोकं मध्ये आलं, तरी गेला!

१९९४ साली मी डहाणूच्या एका कार्यालयात आलो. काम काय, तर तलासरीकडच्या पाड्यांवर हातपंपाच्या जागा नोंदवायच्या. पण तिथे पाहुण्याला उन्हात कोणी ठेवतच नाही हो! पाड्यावरची सुकीबाय लांबूनच ओरडणार, "सायेब, उनात कशाला उबं? या, बसा!" लगेच आंब्याखाली खाट. हातात पाण्याचा तांब्या. तेही दोन मैलांवरच्या नदीतून तिने डोक्यावरून आणलेलं. साहेब सावलीत, मी त्यांच्या मांडीवर. एक उपग्रह... दोन... तीन... अहो, दहा पावलं उन्हात चला ना! छे! "डबडं साफ बंद पडलंय," म्हणत मलाच चापट. एकदा नाही, तीन खेपा!

पंपांच्या यादीचा उद्या शेवटचा दिवस. आकडे नाहीत, तर सुकीच्या पाड्याला पंप नाही. आणि साहेबांचा शेरा तयार: 'यंत्र नादुरुस्त.' तीन वर्षांच्या नोकरीचं हे बक्षीस! मित्रांनो, एखाद्याला बिघडलेला म्हणण्याआधी त्याला काय लागतं, ते तरी विचारा.

मुक्ताने विचारलं. माझं माहितीपुस्तक अजून प्लास्टिकमध्येच होतं. ते फाडून वाचत ती मला गच्चीवर घेऊन गेली आणि टाकीवर उभं केलं. तीन उपग्रह आले. बघायला ती वाकली, एक गेला. अगं बाई, हीसुद्धा? पण ती चटकन बाजूला झाली, हात मागे बांधून थांबली. गेलेला परतला, आणि पाच मिनिटांनी चौथाही आला. आकडे उमटले!

ती धडाधड जिना उतरली.

"आई, बाबा, उद्या शाळेला दांडी. मी तलासरीला येतेय."

"अगं, परीक्षा तोंडावर आलीय!" अहिल्याबाई म्हणाल्या.

"एकच दिवस, आई! बाबा, तुम्ही खुशाल खाटेवर बसा, सुकीबायचं मन मोडू नका. उन्हात मी उभी राहणार."