फाटकाबाहेरचं स्टूल

शाळेच्या फाटकावर फलक होता: ‘मुलं टोळीत का जातात? पालकांसाठी व्याख्यान’. व्याख्यानाआधी पालकांची हजेरी. माझ्या भावाच्या दप्तरात टोळीचा सुरा सापडला होता. आज घरचं कुणी आलं नाही तर त्याचं नाव शाळेतून कायमचं कमी, असा मुख्याध्यापकांचा निरोप होता.

घरचं कुणी म्हणजे मीच. आई-वडील नाहीत. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुते. मुकादम सोडता सोडेना, म्हणून धापा टाकत पोचले, तर वॉचमन कुलूप लावून मोकळा.

“उशीर झाला. आता आत सोडता येणार नाही.”

“काका, अहो, आत्ता तर सुरू होतंय!”

“नियम म्हणजे नियम. मुलांनाही हाच.”

माझं डोकंच फिरलं. मुलांनाही हाच म्हणे! माझा भाऊ रोज धाकट्या बहिणीला बालवाडीत सोडून येतो. बालवाडी उघडते तेव्हाच इथली घंटा होते. मग पोरानं काय उडत यायचं? मी येऊन मुख्याध्यापकांना सांगितलं होतं. ‘बघू’ म्हणाले. अजून बघतायत. आणि तो दिवसच्या दिवस या फाटकाबाहेर.

आतून माइक कडाडला. “दप्तरात सुरा सापडलेल्या मुलाचे पालक आलेत का?”

“आलेय! मी इथे आहे!” मी फाटक गदागदा हलवलं. “कुलूप काढा! मुलं टोळीत का जातात ते मी सांगते तुम्हाला!”

“पालक गैरहजर,” माइक म्हणाला. मग टाळ्या. व्याख्याते आले असावेत.

“ताई.”

मागे समोरच्या दुकानातला टायरवाला उभा होता. टोळीचा म्होरक्या, अख्ख्या गल्लीला ठाऊक. हातात स्टूल.

“उन्हात किती वेळ उभ्या राहणार? बसा ना. जेवलात का?”

मुस्काटात द्यावीशी वाटली मेल्याच्या. पण पायांचे तुकडे पडले होते, आणि सकाळपासून मला ‘बस’ म्हणणारा हा पहिलाच माणूस होता. त्याचाच जास्त संताप आला.

“नकोय मला तुझं स्टूल!”

दुकानातल्या टायरांच्या ढिगावरून माझा भाऊ उठला. त्यानं स्टूल घेतलं, बाहीनं पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

“बस गं ताई,” तो म्हणाला. “पहिल्या दिवशी मीपण नकोच म्हणालो होतो.”