दुखायचे थांबलेले हात

"कॅचरला कुठं दुखतंय ते विचारायचं नाही, पोरी. त्याचे हात बघायचे. दुखतंय म्हणून कण्हतोय तोवर खुशाल झोप. पण ज्या दिवशी म्हणेल ना, आता दुखत नाही, त्या दिवशी मात्र घाबर."

म्हातारी मिसेस टूल हे बोलली तेव्हा विनीच्या अंगावर लग्नाचा पोशाख होता आणि हातात केकचा तुकडा. मिसेस टूलचा नवराही एकेकाळचा कॅचर. तो गेल्यापासून ती अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात एका लाँड्रीत शर्टांच्या कॉलरांना इस्त्री करून पोट भरत होती. विनी अल्बनीच्या अध्यापक विद्यालयात दोन वर्षं शिकून आलेली, शरीरशास्त्रात पहिली. दुखणं थांबलं म्हणजे जखम भरली, असं तिला पुस्तकानं शिकवलं होतं. ती हसून म्हणाली, "तुमच्या तोंडात साखर पडो, मिसेस टूल. थांबू दे एकदाचं त्याचं दुखणं."

म्हातारी हसली नाही. केकही तिनं तसाच ठेवला.

विनीचा नवरा फेलिक्स मॅकार्डल बेसबॉलच्या मैदानावर अकरा मोसम फलंदाजाच्या मागे उकिडवा बसला होता. पिचरनं, म्हणजे गोलंदाजानं, जीव खाऊन फेकलेला चेंडू जवळजवळ उघड्या हातांनी झेलायचा, हे त्याचं काम. हातात असायचे ते बोटं कापलेले पातळ कातडी मोजे, ते असून नसल्यासारखेच. त्याची उजवी करंगळी बाहेर वळलेली, अंगठा दोनदा निखळून बसवलेला, मधली बोटं आल्याच्या गड्ड्यांसारखी. बोट फुटलं की चिकटपट्टी गुंडाळायची, वर माती चोळायची आणि पुन्हा बसायचं. दुखतंय म्हणून जो उठला, त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा बसलेला असायचा.

शेवटी न उठताही त्याच्या जागी दुसरा आला. सप्टेंबरात क्लबनं दोन ओळींची तार पाठवून त्याला मोकळं केलं. त्याच वर्षी नव्या कॅचरांनी गादीसारखे जाड हातमोजे घालायला सुरुवात केली होती. "उशी घेऊन खेळायला जातात की झोपायला?" असं फेलिक्स म्हणायचा आणि ऐकणारे हसायचे. तो स्वतः जरा उशिरा हसायचा.

बरोबरीच्या एकानं दारूचं दुकान थाटलं, एक पोलिसात गेला. फेलिक्सला नावाच्या पुण्याईवर लोखंडी शेगड्या ओतणाऱ्या ओतशाळेत काम मिळालं. साच्यातून निघालेली झाकणं घासायची आणि रचायची. जानेवारीत एकदा रस्सा ओरपता ओरपता तो म्हणाला, "सांगायचं राहिलंच. हात दुखायचे थांबले बघ. एवढी थंडी पडली, पण एकदासुद्धा ठणकले नाहीत."

विनीला मिसेस टूलची आठवण झाली नाही असं नाही. पण मांडीवर पाच महिन्यांची ॲग्नेस रडत होती, आणि नवरा कितीतरी दिवसांनी आपण होऊन बोलला होता. तिनं ती आठवण माशीसारखी हाकलली.

मार्चमध्ये एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ओतशाळेतला डॅन हर्ली भेटला. मोठ्या तोंडाचा, मनानं भला माणूस.

"मिसेस मॅकार्डल, क्लबवाल्यांनी तुमच्या नवऱ्याला काढलं असेल, आम्ही नाही हो काढलं! जेवणाच्या सुट्टीत रोज तमाशा असतो आमच्याकडे. आम्ही तापलेलं बारकं झाकण चिमट्यानं भिरकावतो आणि हा पठ्ठ्या हातानं झेलतो. नुसत्या हातानं! कपाळाला आठी नाही. अख्खी ओतशाळा टोप्या उडवते."

"डॅन, पुरे," फेलिक्स म्हणाला. पण त्याचे कान आनंदानं लाल झाले होते.

तळहातावरचे पांढरे फोड विनीनं आठ दिवसांपूर्वीच पाहिले होते. "ओतशाळेत भाजणार नाही तर काय थंडी वाजणार?" असं म्हणून त्यानं तो विषय उडवून लावला होता.

त्या दुपारी तो वर्तमानपत्रात नव्या मोसमाच्या संघांची नावं वाचत बसला होता. ती त्याच्या बाहीचं बटण शिवायला शेजारी बसली. त्याचा हात तिच्या मांडीवर होता. तिनं सुईचं टोक त्याच्या तर्जनीला लावलं, जरा दाबलं, आणखी दाबलं. रक्ताचा थेंब वर आला.

"होलिओकवाल्यांना अजून धड कॅचर मिळाला नाही म्हणे," फेलिक्स म्हणाला आणि त्याच हातानं त्यानं पान उलटलं. पानावर लाल ठिपका उमटला.

तिनं गाठ मारली आणि दोरा तोडला. दोन क्लबांना त्यानं पत्रं लिहिली होती. पोस्टमन आला की तो जिन्यात जाऊन उभा राहायचा. अशा माणसाला, तुझे हात मेलेत, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्याऐवजी तिनं दुसरंच केलं. मुलगी त्याच्या हातात देणंच बंद केलं.

"राहू दे, आत्ता डोळा लागेल तिचा."

"तुझ्या कपड्यांना काजळी आहे."

"अगं, दात येताहेत तिला, माझ्याशिवाय राहायची नाही."

चौथ्या-पाचव्या दिवशी तो म्हणाला, "पोरगी माझीपण आहे ना गं? की क्लबनं तिच्यापासूनही मोकळं केलंय मला?" तो हसत म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

शनिवारी तो दुपारीच घरी आला. विनी खाली अंगणात चादरी काढायला गेली. शेजारणीनं दोन शब्दांसाठी थांबवलं, त्याचे वीस झाले. ती वर आली तर स्वयंपाकघरात टब मांडलेला, किटली रिकामी, आणि बाह्या सरसावलेला फेलिक्स टबाशी उकिडवा बसलेला, पूर्वी फलंदाजामागे बसायचा अगदी तसाच. डाव्या हाताच्या बेचक्यात उघडी ॲग्नेस पाय झाडत होती. उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात.

"आज आंघोळ मी घालणार. पाणी बघितलंय मी, कोमट आहे," तो म्हणाला आणि त्यानं मुलीला खाली आणलं.

विनी धावत टबाशी आली. ती गुडघ्यांवर पडली आणि तिनं आपलं कोपर आधी पाण्यात घातलं. कोपर पोळून बाहेर आलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुलीची टाच पाण्यापासून वीतभर राहिली असेल. तिनं ॲग्नेसला ओढून छातीशी धरलं. कार्टी खिदळत होती.

"हात बाहेर काढ, फेलिक्स."

"का?"

"बाहेर काढ म्हणते ना!"

हात अजून पाण्यातच होता. त्यानं तो बाहेर काढला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याच्याकडे बघत राहिला. मनगटापर्यंत लालबुंद झाला होता.

"कधीपासून?"

"नाताळच्या आधीपासून. आधी बोटं, मग पंजा."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं की! दुखायचे थांबले म्हणून सांगितलं. खोटं होतं का ते?" मग पंजा उलटसुलट करत तो म्हणाला, "विनी, दुखलं तर सांगायचं नाही, एवढं शिकवलं होतं आम्हाला. दुखेनासं झालं तर काय करायचं, ते कुणी बोललंच नाही गं."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी सुई टोचून बघितली होती तुला, रविवारी. मीपण गप्प बसले."

"ते रक्त? मला वाटलं कागदानं कापलं." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. तिनं त्याचा हात थंड पाण्याच्या बादलीत धरून ठेवला. थंड लागतंय का, हे तिनं विचारलं नाही.

सोमवारी ती मुलीला काखेत घेऊन लाँड्रीत गेली. वाफेत मिसेस टूल अर्धी दिसत होती, अर्धी नाही. विनीनं सगळं सांगितलं. म्हातारीनं इस्त्री स्टँडवर ठेवली.

"आमचा जेरेमाया शेगडीला हात टेकून माझ्याशी गप्पा मारत होता. वास आधी मला आला. मग हात सडला, मग ताप चढला, मग तो गेला."

"तेव्हाच स्पष्ट का नाही सांगितलंत?"

"कुठं? तुझ्या लग्नाच्या केकवर?" म्हातारीनं ॲग्नेसचा पाय हातात घेऊन दाबला आणि पुन्हा इस्त्री उचलली.

आता घरी कॉफीचा कप भरला की फेलिक्स काही न बोलता तो विनीपुढे सरकवतो. ती ओठ लावून बघते आणि मान हलवते, मग तो पितो. मुलीला तो मांडीवर घेतो, पण पाण्याजवळ आणि शेगडीजवळ नाही. हे त्यानं स्वतःच ठरवलं. ओतशाळेत मुकादमाला सगळं सांगितलं, झाकणांचा खेळ बंद झाला, असं तो म्हणतो. विनी रोज संध्याकाळी खिडकीशी नेऊन त्याचे तळवे तपासते. काल एक फोड होता. "जुनाच आहे," तो म्हणाला. तिला तो जुना वाटला नाही. होलिओकच्या क्लबचं उत्तर आलं नाही, आणि तो अजून जिन्यात उभा राहतो.

आणि गेल्या महिन्यात कोहोज गावाहून एमिल फोग्टचं पत्र आलं. एमिल फेलिक्सच्या बरोबरीचा, दुसऱ्या क्लबचा कॅचर. त्यानंही खेळ सोडलाय, गिरणीतल्या बॉयलरवर काम करतो आणि एकटाच राहतो. फेलिक्स पत्र मोठ्यानं वाचत होता. "माझं झकास चाललंय. हात तर आता मुळीच..." इथं तो थांबला आणि त्यानं पत्र विनीकडे दिलं.

विनीनं लगेच उत्तर लिहिलं, आठवड्यानं दुसरं लिहिलं. एमिलकडून काही नाही. फेलिक्सला आता रविवारचीही सुट्टी मिळत नाही, ॲग्नेसला दातांचा ताप आहे, आणि त्या दोघांना एका घरात सोडून संध्याकाळीसुद्धा बाहेर जायला विनीचा जीव धजत नाही.

म्हणून तिची विनवणी आहे. तुमच्यापैकी कुणी कोहोजच्या बाजूला जाणार असेल, तर तेवढा एक जिना चढून जा. गिरणीच्या फाटकासमोर खोगिरांचं दुकान आहे, त्याच्या वरची खोली. कसा आहेस असं विचारू नका, बरा आहे असंच तो सांगेल. भेटल्याबरोबर हात पुढे करा. त्याचा हात तुमच्या हातात आला की सोडू नका, उजेडाकडे उलटा करून बघा.