हरवलेले चार सेंटीमीटर

गळ्याची शप्पत घेऊन सांगते, ह्यातलं अक्षरन् अक्षर खरं हाय. खोटं निघालं तर मला धोंडाबाई म्हनू नका. वडिवळ्यात कुनालाबी इचारा. आमचा म्हातारा हौशीराम तेवढा सोडून. त्यो मी तोंड उघडायच्या आदीच हासतो.

तर भाताची लावणी तोंडावर आलती, आन् देवळापाशी म्हाताऱ्या मानसांची तपासनी लागली. नर्सताईनं मला भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवली आन् कागदात बघितलं. मंग माज्या लेकाला, संदेशला, बाजूला घेतलं. म्हनली, आजी मागल्या वर्षी दीडशे सेंटीमीटर व्हत्या, औंदा एकशे सेहेचाळीस भरल्या. हाडं झिजली असतील. डॉक्टरला दाखवा, तवर वाकायचं काम बंद.

वाकायचं काम बंद म्हंजी लावणीच बंद की. सून अनिता म्हनली, आत्याबाई, तुमी घरी बसून च्या पाठवा आमाला. तिचं बोलनं मायेचं व्हतं, पन मला ते तिखटावानी झोंबलं. आमच्यात लावणी सावडीनं व्हती. आज हिच्या खाचरात, उद्या तिच्या. एकदा का बाई घरी बसली, का पुढल्या वर्षी तिला हाक मारायचं कुनाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई. शकुबाईचं तसंच झालं. आता ती ओट्यावर बसती आन् येनाऱ्या-जानाऱ्याला इचारती, कुनाचं खाचर झालं, कुनाचं ऱ्हायलं.

मला काय बूड टेकवंना. चार सेंटीमीटर जात्यात कुटं? नात छकुली चौथीत. तिला शाळेनं घरातल्या वस्तू मोजून आनायला सांगितलं व्हतं, म्हनून घरात टेप आलता. म्हनलं नर्सच्या पट्टीतच खोट असंल. पोरीच्या हातातनं टेप घेतला आन् सुटले. पळी तीस. लाटनं चाळीस. उंबऱ्याची उंची बारा. म्हातारा घोरत व्हता, त्याचं नाक मोजलं, साडेसहा. म्हशीचं शेपूट मोजाया गेले तर तिनं त्येच टेपासकट माज्या तोंडावर मारलं. परसातली काकडी मोजाया घेतली, तर टेप लावता लावता दोन सेंटीमीटर वाढली. छकुलीनं बघितलंय.

मंग चौकटीला पाठ लावून उभी ऱ्हायले. छकुली पाटावर चढली. एकशे सेहेचाळीस. मान तानली, तेवढंच. हळूच टाचा उचलल्या.

"आजे, टाचा खाली."

ऊन पडलं का परत मोज, जेवले का परत मोज. पोरगी कंटाळून खेळाया पळाली. मी आपली घरातनं अंगनात, अंगनातनं गोठ्यात, हातात टेप घेऊन. म्हातारा म्हनला, आता मला मोजू नको, माजी मापं मीच लिहून देतो तुला.

सकाळी अनिता रोपाची पाटी न्यायला निघाली. डोक्यावर फडक्याची चुंबळ, वरनं पदर, पाटी अजून ओट्यावरच. भाईर पडताना तिचा पदर चौकटीच्या वरच्या लाकडाला घासला. एरवी ती सरळ जाती, कुटं म्हनून लागत न्हाई.

"अनिते, थांब. हालू नको."

तिला वाटलं, इंचू दिसला. ती तितंच थिजली.

आन् मला मागलं साल आठवलं. गवताचा भारा गोठ्यात टाकला आन् तशीच तपासनीला गेलते. चुंबळ पदराखाली तशीच. नर्सनं पट्टी चुंबळीवर टेकवली. डोकं कुटलं आन् चुंबळ कुटली, तिला काय ठावं? मलाबी कळलं न्हाई, उभा जन्म ती डोक्यावर असल्याली.

संदेश दात घासत व्हता, त्याला तसाच वढून आनला. त्याला काय पटंना. म्हनला, चुंबळ ती केवढी, आन् चार सेंटीमीटर म्हंजी केवढं. मी खुंटीवरची माजी चुंबळ काडली, ओट्यावर ठेवली, टेप लावला. छकुली वाकून बघाया लागली.

"किती?" संदेशनं इचारलं.

"चार," मी म्हनले.

त्यानं छकुलीकडं बघितलं. छकुलीनं टेपाकडं बघितलं, मंग माज्याकडं.

"चार," ती म्हनली.

संदेशनं चूळ भरली. मंग म्हनला, आये, लावणी झाली का डॉक्टरकडं यायचं, आन् कंबर दुखली का बांधावर बसायचं. मी दोन्हीला व्हय म्हनले. त्या दिशी मी अनिताच्या शेजारी वळीत उभी ऱ्हायले, आन् बायांनी उद्या कुनाच्या खाचरात जायचं ते मलाबी सांगितलं.

सगळं खरं हाय. एकच रचलंय. चुंबळ चार न्हवती, तीन व्हती. म्या ती बोटानं जरा फुगवून धरली व्हती, तरी तीनच. एक सेंटीमीटर खरंच गेलाय माजा. संदेशला सांगू नका, अजून दोन खाचरं ऱ्हायल्यात.