माझ्यावरची पांढरी रेघ

घराला चार भिंती असतात, मित्रांनो. मी मात्र एकटीच उभी आहे, समुद्राकाठच्या एका लहानशा जपानी गावाच्या बागेत. मी टेनिसच्या सरावाची जुनी भिंत. माझ्या अंगावर कमरेच्या उंचीला एक पांढरी रेघ आहे. ती रेघ म्हणजे मैदानातली जाळी समजायची. चेंडू रेघेच्या वर लागला तर जाळीपलीकडे गेला, खाली लागला तर फुकट गेला.

मला बांधलं तेव्हा ही रेघ अगदी मोजूनमापून मारली होती. चाळीस वर्षं मी मार खाल्ला. "हिच्याकडून एकही चेंडू सुटत नाही," असं लोक म्हणत, तेव्हा मी फुगून जात असे. भिंतीने फुगू नये, पण मी फुगत होते.

सात वर्षांपूर्वी हिवाळ्यात गावची दोन्ही मैदानं दुरुस्तीसाठी बंद झाली, ती थेट मे महिन्यातल्या स्पर्धेलाच उघडायची होती. त्याच कामात माझ्या पुढ्यातल्या जमिनीवर डांबराचा नवा थर घातला. जमीन चार बोटं वर आली, रेघ होती तिथेच राहिली. कोणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, पण मला तोंड कुठे आहे?

तेव्हा रोज सकाळी दोन मैत्रिणी यायच्या. ताझुको मुनाकाता ही गणिताची निवृत्त शिक्षिका आणि किनुयो इसोगाई ही सुताराची बायको. वीस वर्षं दोघी जोडीने खेळत होत्या आणि गावच्या स्पर्धेत वीस वर्षं पहिल्याच फेरीत हरत होत्या. त्या वर्षी जूनमध्ये किनुयोच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर खेळ बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे मे महिन्यातली स्पर्धा शेवटची. तिच्यात एक तरी सामना जिंकायचा, एवढंच दोघींना हवं होतं.

किनुयोचा चेंडू उंच जायचा.

"अगं, चेंडू मारतेस की पतंग उडवतेस?" ताझुको म्हणायची. "उंच चेंडू म्हणजे जाळीपाशी उभ्या बाईला वाढलेलं ताट. तिने नुसतं जेवायचं."

"मग तिच्या डोक्यावरून मारते ना. पळू दे तिला मागे."

"दरवेळी नाही जमत ते. गुडघे वाकव, चेंडू अंगापुढे घे आणि रेघेच्या वर दोन बोटं मार. जास्त नाही."

"हे गुडघे एकदा वाकले ना, तर उठवायला क्रेन आणावी लागेल तुला."

दोघी हसायच्या, आणि पुन्हा सराव सुरू व्हायचा. किनुयो मारायची, ताझुको मागे उभी राहून मोजायची. तीन महिन्यांत शंभरातले नव्वद चेंडू रेघेवर दोन बोटं लागू लागले. प्रत्येक चेंडू माझ्यावर आदळत होता आणि मला ठाऊक होतं की रेघेच्या वर दोन बोटं म्हणजे जाळीच्या खाली दोन बोटं. इतकी असहाय मी कधीच झाले नव्हते.

मैदान माझ्या डावीकडेच आहे. सामन्याच्या दिवशी ताझुको जाळीपाशी उभी होती, किनुयो मागे. किनुयोचा पहिला चेंडू जाळीत गेला. दुसरा गेला. पाचवा गेला.

"जरा उंच मारू का गं?" तिने हळूच विचारलं.

"अजिबात नाही. ठरलंय तसंच."

तिने ऐकलं. सामना अर्ध्या तासात संपला.

"भिंतीवर शंभरात नव्वद," ताझुको म्हणाली. "आणि इथे? भित्री आहेस तू किनुयो. माझीही वीस वर्षं पाण्यात घातलीस."

"चुकलंच माझं," किनुयो म्हणाली. रिवाजाप्रमाणे मैदानाला वाकून नमस्कार करून ती गेली. त्यानंतर ती माझ्याकडे कधी आली नाही. ताझुकोनेही तिला बोलावलं नाही.

गेल्या हिवाळ्यात किनुयो वारली. दुखवट्याचे एकोणपन्नास दिवस झाल्यावर तिचे पती, इसोगाई आजोबा, तिची रॅकेट घेऊन बागेत आले. ताझुको एकटीच सराव करत होती.

"मुनाकातासान, ही तुमच्याकडे राहू द्या," ते म्हणाले. मग त्यांची सुताराची नजर माझ्यावर गेली. "जाळी एवढीच असते होय? मला वाटलं, उंच असेल."

"ही बघा, अशी मोजायची." ताझुकोने किनुयोची रॅकेट माझ्यापाशी उभी धरली आणि वर स्वतःची आडवी ठेवली. "मध्यभागी बरोबर एवढी."

रेघ चार बोटं खाली होती. ताझुकोने पुन्हा मोजली. मग ती खालीच बसली.

"ती चुकत नव्हती," ती म्हणाली. "मी सांगितलं तसंच मारत होती."

"शेवटपर्यंत स्वयंपाकघरात भाताची लाकडी पळी घेऊन रॅकेटसारखा हात फिरवायची," आजोबा म्हणाले. "मी म्हणायचो, आता कशाला? तर म्हणायची, कुठे चुकलं ते सापडलं की ताझुकोकडे जाईन."

ताझुकोने त्यांच्यापुढे जमिनीला कपाळ टेकलं.

"मला नका मागू माफी," ते म्हणाले. "मला टेनिसमधलं काय कळतं?"

त्याच आठवड्यात त्यांनी नवी रेघ मारून दिली. ताझुको अजून येते, पण खेळत नाही. बाकावर बसते आणि जाते.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना अधूनमधून तपासत जा. आमची चूक आम्हाला सांगता येत नाही. आणि तुमच्यातल्या कोणाचा चेंडू पुन्हा पुन्हा जाळीत जात असेल, तर त्याच्या हाताला बोल लावण्याआधी रेघ मोजा. दोन रॅकेट आणि एक क्षण, एवढंच लागतं. किनुयोला तेवढंही कोणी दिलं नाही.