पर्यावरणप्रेमी देव

देवचा फ्यूररशाइन, म्हणजे गाडीचं लायसन्स, परत मिळाला, तर सर्वांत मोठा फायदा शशिधररावांचा होता. हीटिंग बसवणाऱ्या कंपनीने देवसाठी टेक्निशियनची जागा वसंतापर्यंत राखून ठेवली होती, पण गाडी चालवता न येणाऱ्याला ती मिळणार नव्हती. ते खरंच, पण शशिधररावांना आधी दिसत होती ती पहाटेची झोप. निवृत्त माणूस रोज काळोखात उठून घोड्याएवढ्या मुलाला जर्मनीतल्या गेर्लिंगेनहून गोदामातल्या कामावर सोडत होता.

गाडी चालवताना देवच्या रक्तात दुसऱ्यांदा गांजा सापडला आणि लायसन्स गेलं. परत हवं तर एमपीयू, म्हणजे मानसतज्ज्ञापुढे बसून आपण बदललो हे पटवून द्यायचं. देवने गांजा सोडला. बोलावणं आलं की मुकाट्याने जाऊन लघवीची तपासणी करून यायचा. सगळे निकाल स्वच्छ.

घोळ घालून ठेवला होता तो वडिलांनी. महाराष्ट्र मंडळात मधूकाकूंनी विचारलं, "काय हो, देव हल्ली गाडी चालवत नाही?" शशिधरराव बोलून गेले, "पर्यावरणासाठी सोडली त्याने."

"मग तुम्ही सकाळी त्याला सोडता ते?"

"कारपूलिंग."

जर्मनीत हे खपलं. नुसतं खपलं नाही, त्यावर व्याजही मिळालं: मधूकाकू आपल्या नातवाला देवचा दाखला देऊ लागल्या.

डिसेंबरात एमपीयूची तयारी करून घेणाऱ्या सल्लागार बाईंकडून देव तोंड पाडून आला. "बाबा, त्या विचारतात, आजूबाजूला कुणाला माहीत आहे? परीक्षेतही विचारणार. लपवणारा बदलला, असं ते धरत नाहीत."

"तुझे मित्र आहेत की."

"ते माझ्याबरोबरच ओढायचे."

"मग सांग, सगळ्यांना माहीत आहे."

देवच्या आईने, उल्काताईंनी, चहाचा कप आपटला. "अहो, तुम्ही एक थाप मारलीत, आता पोराने दुसरी मारायची? तीही तिथे?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," देव म्हणाला.

शशिधररावांनी पेपर डोळ्यांपुढे धरला. पण त्या दिवशी पान काही उलटलं नाही.

संक्रांतीच्या कार्यक्रमात मधूकाकूंनी माइक हातात घेतला. "मुलांनो, आता आपला पर्यावरणप्रेमी देव तुम्हाला दोन शब्द सांगेल!"

टाळ्या पडल्या. देव उठला तो पांढराफटक पडून. त्याच्या आधी शशिधरराव माइकपाशी पोचले.

"थाप माझी आहे, ती मी मोडतो," ते मुलाला म्हणाले. "बाकीचं तुझं तू सांग." मग सभेकडे वळून: "देवने गाडी सोडली नाही. त्याचं लायसन्स काढून घेतलं. मी तुमच्याशी खोटं बोललो."

देव जर्मनमध्येच बोलला. मी गांजा ओढून गाडी चालवली. दोनदा. मला कुणी ओढायला लावलं नव्हतं. आता ओढत नाही. मुलांना लगेच कळलं. काही पाहुण्या आजी-आजोबांसाठी उल्काताईंनी भाषांतर केलं, एकही शब्द न गाळता.

मग मधूकाकू म्हणाल्या, "म्हणजे ते कारपूलिंग नव्हतं?"

हसू फुटलं ते आधी मागच्या रांगेत, मग सगळीकडे. कोट घालताना मंडळातला जयंत शशिधररावांना कोपऱ्यात घेऊन पुटपुटला, "त्या सल्लागार बाईंचा नंबर द्याल? आमच्या समर्थसाठी."

मार्चमध्ये परीक्षेत प्रश्न आलाच: कुणाला माहीत आहे? देव म्हणाला, "अख्ख्या महाराष्ट्र मंडळाला. बाबांनी माइकवर सांगितलं." मानसतज्ज्ञ बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आल्झो, बरं, हे सगळं नीट सांगा." त्याने सांगितलं. निकाल त्याच्या बाजूने लागला, आणि हीटिंग कंपनीतली जागा व्हॅनसकट मिळाली.

आता हिशेब. परीक्षेची फी देवने स्वतःच्या पगारातून भरली, आणि वर्ष गेलं तेही त्याचंच. जयंतला फक्त एक फोन करावा लागला. इभ्रतीचा भाग मात्र शशिधररावांच्या नावावर निघाला, आणि तो एकरकमी फिटला नाही: मधूकाकू अजून प्रत्येक कार्यक्रमात माइक त्यांच्यापुढे धरून विचारतात, "आज काही कबूल करायचंय?" आणि शशिधरराव हसत हसत तो हप्ता भरतात.