गोष्ट नको, शब्द सांगा

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. ऊन नाही, पाऊस नाही, नुसता उकाडा. "रेकॉर्डिंगला झकास दिवस," म्हणत सरांनी पंखाही बंद केला. मी त्यांचा टेपरेकॉर्डर बोलतोय. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, गाणी ऐकायला मिळतील. मिळाले सर.

सरांचा नाद निराळा. भाषाभाषांतले शब्द जमवायचे, त्यांचे तुकडे करायचे आणि कुठला तुकडा कुठे चिकटतो ते ताडून पाहायचं. घर, घरं, घरांत. आधी 'किती' चिकटतं, मागून 'कुठे'. एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या भाषांत हाच क्रम कसा, हे सांगता सांगता त्यांचा चहा गार व्हायचा. मला शिक्षण नाही, पण मलाही नवल वाटायचं.

त्या दिवशी समोर शिवणकाम करणारी एक म्हातारी होती. तिची भाषा बोलणारं तिच्यामागे कुणी उरणार नव्हतं. तिच्या लेकीला ती नुसती कळायची, बोलता यायची नाही. सरांनी 'घर' विचारलं की म्हातारीला आपलं घर आठवायचं आणि ती सुरू व्हायची. लगेच सरांचं बोट माझ्या थांबवायच्या बटणावर. खट्.

"आजी, गोष्ट नको. शब्द सांगा."

"अरे बाबा, गोष्टीवाचून नुसते शब्द काय चाटायचेत?"

सर हसले. बटण दाबलेलंच राहिलं. लेक लहानपणी कशी रुसायची, तिला काय म्हणून हाक मारायची, सगळं म्हातारी बोलली. मी ऐकलं. पण बटण दाबलेलं असलं की माझ्यापाशी काही राहत नाही.

सरांचं पुस्तक निघालं. म्हातारीची भाषा त्यात एका ओळीत बसली. मी माळ्यावर गेलो.

पुढे म्हातारी वारली आणि लेक सरांच्या दारात आली. "आईचा आवाज हवाय. हाक मारताना, रागावताना, कसाही."

"सगळं आहे यात," सरांनी माझ्यावरची धूळ पुसून मला तिच्या हाती दिलं. "एक शब्द सुटलेला नाही."

तिने घरी शेजारच्या मावशींनाही ऐकायला बोलावलं. मी इमानाने म्हातारीच्या भाषेत बोलू लागलो. तुमच्या भाषेत सांगायचं तर, लेक. लेकी. लेकींना. माझी लेक, तुझी लेक, त्याची लेक. खट्. दार. दारं. दारांत. सगळं एकाच सुरात, भाजीवाल्याला पत्ता सांगावा तसं.

लेक टेप संपेपर्यंत हलली नाही. मग उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं.

मावशी माझ्यापुढे बसून राहिल्या. मग वाकून हळूच म्हणाल्या, "एवढी बोलकी बाई ती. एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस रे तिला."